सहज भटकताना सापडलेले : सावकाश घडणाऱ्या गोष्टी

सायंतारा (धागालेखक)

काहीही ठरवून न शोधता एका दुव्यावरून दुसऱ्यावर जात राहण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. अशा भटकंतीत हाती लागणाऱ्या बहुतेक वस्तू गमतीच्या किंवा धक्कादायक असतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांची आठवणही राहत नाही. गेले काही महिने मी मात्र वेगळ्या जातीची पाने बाजूला काढून ठेवत आहे. ही पाने उघडून पाहिली तर समोर काहीच घडत नसते, आणि तरीही त्यामागे कोणीतरी दशकानुदशके, कधी शतकाहून अधिक काळ, नोंद ठेवत बसलेले असते.

पहिले उदाहरण अनेकांना ऐकून माहीत असेल. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथील क्वीन्सलँड विद्यापीठात काचेच्या एका नरसाळ्यात डांबर ठेवलेले आहे. थॉमस पार्नेल या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९२७ साली ते तापवून नरसाळ्यात ओतले, तीन वर्षे बसू दिले आणि १९३० साली नरसाळ्याचे खालचे तोंड कापून मोकळे केले. हातोड्याने फोडले तर ज्याचे काचेसारखे तुकडे होतात ते डांबर प्रत्यक्षात द्रव आहे, हे त्यांना विद्यार्थ्यांना दाखवायचे होते. पहिला थेंब १९३८ साली पडला. त्यानंतर सात ते तेरा वर्षांच्या अंतराने एकेक थेंब पडत गेला आणि २०१४ साली नवव्या थेंबाचा क्रम लागला. या डांबराची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, पाण्याच्या सुमारे २३० अब्ज पट असल्याचा हिशेब मांडलेला आहे. प्रयोगावर कॅमेरा रोखलेला असून त्याचे थेट चित्र कोणालाही पाहता येते, अर्थात ते काल होते तसेच आज दिसते.

या प्रयोगाची खरी कथा थेंबांपेक्षा तो सांभाळणाऱ्या जॉन मेनस्टोन यांची आहे. १९६१ पासून त्यांनी हे नरसाळे जपले, परंतु थेंब पडताना त्यांना एकदाही पाहता आला नाही. १९७९ साली ते घरी गेलेले असताना थेंब पडला. १९८८ साली प्रयोग प्रदर्शनात मांडलेला होता आणि ते काही थंड प्यायला क्षणभर बाहेर पडले, तेवढ्यात सातवा थेंब सुटला. २००० साली कॅमेरा लावलेला होता, पण नेमक्या त्या वेळी तो बंद पडला. ऑगस्ट २०१३ मध्ये मेनस्टोन यांचे निधन झाले आणि पुढच्याच एप्रिलमध्ये नववा थेंब खाली टेकला. त्याआधी, त्यांच्या निधनापूर्वी जेमतेम सहा आठवडे, डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील १९४४ पासूनच्या अशाच प्रयोगात ११ जुलै २०१३ रोजी पडणारा थेंब पहिल्यांदा चित्रित झाला होता. वेल्समधील ॲबेरिस्टविथ विद्यापीठात १९१४ सालचे असेच एक नरसाळे आहे, तेथील डांबर इतके घट्ट आहे की अजून पहिला थेंबही सुटलेला नाही.

दुसरे उदाहरण ऑक्सफर्डमधील विजेच्या घंटेचे. क्लॅरेंडन प्रयोगशाळेच्या प्रवेशमार्गाजवळ काचेच्या दुहेरी आवरणाखाली दोन लहान घंटा आहेत आणि त्यांच्यामध्ये जेमतेम चार मिलिमीटर व्यासाची धातूची गोळी आळीपाळीने दोन्हींवर आपटत असते. त्यावरील चिठ्ठीत ही मांडणी १८४० सालची असल्याचे म्हटले आहे. म्हणजे आपल्याकडे रेल्वे यायच्या तेरा वर्षे आधीपासून हे चालू आहे. वीज पुरवणाऱ्या कोरड्या विद्युतघटांवर बाहेरून गंधकाचा लेप आहे आणि आत नेमके काय भरले आहे याचा केवळ अंदाज केला जातो, कारण ते पाहण्यासाठी फोडावे लागेल आणि फोडले की प्रयोग संपेल. काचेमुळे आवाज बाहेर येत नाही, त्यामुळे तेथे काम करणाऱ्यांचे डोके शाबूत राहिले असावे.

तिसरे उदाहरण संगीताचे आहे. जर्मनीतील हाल्बरश्टाट गावाच्या सेंट बुर्खार्डी या जुन्या चर्चमध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांची एक ऑर्गन-रचना वाजवली जात आहे. ती शक्य तितकी संथ वाजवावी अशी सूचना संगीतकारानेच दिलेली आहे, मात्र किती संथ हे सांगितलेले नाही. आयोजकांनी ती ६३९ वर्षे वाजवायचे ठरवले, कारण त्या गावात १३६१ साली प्रसिद्ध ऑर्गन बसला आणि २००० सालापर्यंत तेवढी वर्षे झाली होती. वादन ५ सप्टेंबर २००१ रोजी सुरू झाले, पण रचनेचा आरंभ विरामाने असल्यामुळे पहिला स्वर फेब्रुवारी २००३ मध्ये ऐकू आला. ते २६४० साली संपायचे आहे. पट्ट्या दाबून ठेवण्यासाठी वाळूच्या पिशव्या लावल्या आहेत. २०१३ साली लागलेला स्वरमेळ २०२० साली बदलला, पुढचा बदल ५ फेब्रुवारी २०२४ रोजी झाला आणि त्यानंतरचा ५ ऑगस्ट २०२६ साठी ठरवलेला आहे.

आपल्याला अशी आणखी पाने सापडली असतील तर येथे द्यावीत. अट एवढीच की गोष्ट आजही चालू असावी आणि तिची नोंद किंवा दर्शन घरबसल्या कोणालाही घेता यावे.

वायरमन

उत्तम धागा. माझ्याकडून कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर गावाच्या अग्निशमन केंद्रातील दिव्याची भर घालतो. ओहायो राज्यातील शेल्बी कंपनीचा, तोंडाने फुंकून बनवलेल्या काचेचा आणि कार्बनच्या तंतूचा हा दिवा १९०१ पासून जळत आहे. त्याच्यावरही कॅमेरा आहे, आणि दिव्याची राखण करणारा कॅमेरा दिव्याच्या आधी बाद होण्याचा प्रकार तेथे एकापेक्षा अधिक वेळा घडला आहे. २०१३ च्या मे महिन्यात कॅमेऱ्यावर दिवा विझलेला दिसला आणि सर्वत्र हळहळ पसरली. तपासणीत असे आढळले की दिवा ठणठणीत होता, त्याला अखंड वीज मिळावी म्हणून बसवलेले बॅकअपचे यंत्रच बिघडले होते. थेट जोडणी देताच तो पुन्हा उजळला.

या दिव्याचे छायाचित्र 'पूर्वी वस्तू टिकाऊ करत, आता कंपन्या मुद्दाम लवकर बिघडणाऱ्या करतात' या मजकुरासह वरचेवर फिरत असते, म्हणून थोडा खुलासा करतो. दिवे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी १९२४ साली जिनिव्हात एकत्र येऊन फीबस नावाची साखळी केली, दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणले आणि त्याहून जास्त टिकणाऱ्या दिव्यांबद्दल सभासदांना दंड लावला, हे सारे खरे आहे. परंतु लिव्हरमोरचा दिवा हा त्याचा पुरावा नव्हे. तंतूचे आयुष्य त्याच्या तापमानावर फार तीव्रतेने अवलंबून असते. तापमान किंचित कमी केले तरी आयुष्य कितीतरी पटींनी वाढते, पण प्रकाशही बराच घटतो आणि विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जातो. हा दिवा आज सुमारे चार वॉटवर जळतो आणि त्याचा उजेड रात्रीच्या झिरोच्या दिव्याइतका पडतो. शिवाय तो जवळजवळ कधीच बंद केला जात नाही, त्यामुळे थंड तंतूत एकदम प्रवाह शिरण्याचा धक्का त्याला बसत नाही. असा दिवा कोणी बाजारात आणला तर त्याखाली वर्तमानपत्र वाचता येणार नाही. विजेचे काम करणाऱ्या माणसाला हा दिवा आवडतोच, पण तो ज्यासाठी मिरवला जातो ते कारण चुकीचे आहे.

कोलतार

लेख रंजक आहे, पण मला एक शंका मांडायची आहे आणि ती थोडी कडवट वाटली तर क्षमस्व. या सर्व गोष्टी एका माळेत ओवण्याजोग्या आहेत का? डांबराच्या थेंबातून विज्ञानाला नेमके काय मिळाले? डांबर द्रव आहे हे १९३० सालीही माहीत होते, पार्नेल यांना ते वर्गात दाखवायचे होते एवढेच. खोलीचे तापमान सुरुवातीपासून नियंत्रित नव्हते. पुढे वातानुकूलन आले आणि दोन थेंबांमधले अंतर लांबले, म्हणजे जुने आणि नवे आकडे सरळ शेजारी ठेवण्याचीही सोय राहिली नाही. २००५ साली या प्रयोगाला इग नोबेल हे गमतीदार संशोधनासाठीचे पारितोषिक मिळाले ते योग्यच झाले, कारण तो हसवणारा प्रयोग आहे. घंटा आणि दिवा यांचेही तेच. ऑर्गनचे तर विचारूच नका, तो एक दीर्घ विनोद आहे. 'अजून चालू आहे' हा एकच गुण असलेल्या वस्तूंकडे आपण भक्तिभावाने पाहतो आणि त्यालाच कुतूहल म्हणतो, असे मला वाटते.

सायंतारा

कोलतार, शंका रास्त आहे, आणि टोपणनाव पाहता डांबरावर बोलण्याचा अधिकारही आपल्याला आहे. डांबराच्या प्रयोगाबाबत मी आपल्याशी बराचसा सहमत आहे. त्याच्यापाशी मी थांबलो तो मेनस्टोन यांच्यामुळे, निष्कर्षामुळे नव्हे. परंतु ज्यात स्पष्ट प्रश्न विचारलेला आहे आणि उत्तर मिळायला शतक लागते, असेही प्रयोग आहेत. त्यांपैकी मला सर्वांत आवडलेला देतो.

अमेरिकेत मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात विल्यम जेम्स बील हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. तण कितीही उपटले तरी पुन्हा उगवते, तर जमिनीत पडलेले बी किती वर्षे जिवंत राहते, असा शेतकऱ्यांचा साधा प्रश्न होता. बील यांनी १८७९ साली वीस बाटल्या घेतल्या, प्रत्येकीत ओलसर वाळूत मिसळून २१ जातींची प्रत्येकी ५० बिये भरली आणि पाणी आत साचू नये म्हणून त्या उघड्या तोंडांनी तिरप्या करून जमिनीत पुरल्या. दर पाच वर्षांनी एक बाटली काढून बी पेरून पाहायचे, असा बेत होता. बाटल्या संपल्या तरी टिकतील अशी काही बिये आहेत हे पाहून पुढच्या पिढ्यांनी ते अंतर आधी दहा आणि मग वीस वर्षांचे केले. जागेचा नकाशा थोड्याच लोकांकडे असतो आणि तो एका पिढीकडून दुसरीकडे सोपवला जातो.

२०२० ची बाटली महासाथीमुळे एप्रिल २०२१ मध्ये काढली गेली. उजेड लागून बियांना अंकुर फुटू नयेत म्हणून खोदकाम पहाटेपूर्वीच्या अंधारात, हिरव्या प्रकाशात केले जाते. १४१ वर्षांनंतर त्या बाटलीतील वीस बिये उगवली आणि सर्व व्हर्बॅस्कम या तणाच्या वंशातली निघाली. त्यांतले एक रोप दोन जातींचा संकर असल्याचे जनुकीय तपासणीत कळले, म्हणजे बी गोळा करताना बील यांच्या हातून नकळत एक मिश्र बी बाटलीत गेले होते आणि ते आजपर्यंत जिवंत राहिले. आता चार बाटल्या उरल्या आहेत. पुढची २०४० साली निघेल आणि शेवटची २१०० साली.

बांधावरचा

सायंतारा, बील यांच्या प्रयोगाचा संबंध थेट शेतीशी असल्याने इंग्लंडमधील रॉथॅमस्टेडचा उल्लेख व्हायलाच हवा. जॉन बेनेट लॉज या जमीनदाराने जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला सोबत घेऊन तेथील ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ साली गहू पेरला. शेताचे पट्टे पाडून एकाला शेणखत, दुसऱ्याला नत्र, तिसऱ्याला स्फुरद-पालाश आणि एकाला काहीच नाही, अशी वाटणी केली आणि ती आजतागायत चालू आहे. ज्या पट्ट्याला १८४३ पासून कोणतेही खत मिळालेले नाही तो आजही हेक्टरी सुमारे एक टन गहू देतो. 'रासायनिक खत बंद केले की जमीन एक दाणाही देणार नाही' आणि 'खताची काही गरजच नाही' असे म्हणणाऱ्या दोघांनीही तो आकडा शेजारच्या पट्ट्यांच्या उत्पन्नाशेजारी ठेवून पाहावा.

त्याच शेताचा एक कोपरा १८८२ साली पीक न काढता सोडून दिला. आता तेथे दाट झाडी आहे. बांध दोन वर्षे मोकळा ठेवला तर काय होते हे आपण पाहतोच, येथे ते सव्वाशेहून अधिक वर्षे पाहिले गेले आहे.

परंतु माझ्या मते रॉथॅमस्टेडचे मोठेपण शेतात नसून भांडारात आहे. दरवर्षीचे धान्य, पेंढा आणि माती बाटल्यांत बंद करून ठेवण्याची पद्धत लॉज आणि गिल्बर्ट यांनी घातली आणि आज तेथे सुमारे तीन लाख नमुने आहेत. अणुचाचण्यांतून पडलेली किरणोत्सर्गी धूळ किंवा कारखान्यांतून आलेली विषारी संयुगे मातीत कधीपासून दिसू लागली, हे पुढे त्याच बाटल्या उघडून मोजता आले. गिल्बर्ट यांनी बाटली बंद केली तेव्हा प्लुटोनियम हे मूलद्रव्य माहीतही नव्हते. कोलतार यांनी विचारले की यातून मिळते काय. जो प्रश्न अजून कोणाला सुचलेलाच नाही त्याचे उत्तर आधीच जमा करून ठेवता येते, हे मिळते.

खाडीकाठ

बांधावरचा यांनी शेवटी मांडलेल्या मुद्द्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या मुंबईत आणि अलिबागेत आहे आणि ते मला असेच जुने अहवाल चाळताना सापडले. विषय मोठा असल्याने सविस्तर लिहीत आहे.

कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा बांधली. जहाजांना अचूक वेळ कळावी आणि खगोलीय वेध घेता यावेत, असा मूळ हेतू होता. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे सुरू झाली. बाळशास्त्री जांभेकरांचा या वेधशाळेशी संबंध होता हे अनेकांनी वाचले असेल, परंतु केरूनाना छत्रे यांनी आपले उमेदीचे दशक तेथे काढले हे तितकेसे बोलले जात नाही. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा १८४० च्या सुमारास कोवळ्या वयात कुलाब्याला साहाय्यक म्हणून लागला, १८५१ पर्यंत तेथे राहिला आणि पुढे डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवणारा प्राध्यापक झाला.

त्या काळी काम असे चाले. दोऱ्याला टांगलेल्या चुंबकाची सूक्ष्म हालचाल दुर्बिणीतून डोळ्यांनी पाहायची आणि ठरलेल्या वेळी वहीत आकडा लिहायचा. दिवस असो वा रात्र, पावसाळा असो वा उन्हाळा, हेच. आता १ सप्टेंबर १८५९ या तारखेकडे येऊ. त्या दिवशी लंडनजवळ रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचे चित्र काढत असताना त्यांना डागांच्या समूहावर अचानक पांढऱ्या प्रकाशाची झळाळी दिसली. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. होनोलुलू आणि क्यूबासारख्या ठिकाणी ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत काही तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवून केवळ चुंबकीय वादळाने तारेत निर्माण केलेल्या प्रवाहावर संदेश पाठवले. इंग्लंडमधील ग्रीनिच आणि क्यू येथील वेधशाळांत तोपर्यंत छायाचित्रणाने आपोआप नोंद घेणारी यंत्रे आली होती, पण चुंबक इतका जोरात हलला की प्रकाशाचा ठिपका कागदाच्या बाहेरच गेला आणि वादळाचा शिखरबिंदू नोंदला गेला नाही.

कुलाब्याला त्या वेळी स्वयंचलित यंत्र नव्हते. तेथे दुर्बिणीला डोळा लावून बसलेला माणूस होता, आणि हालचाल असाधारण आहे हे पाहताच तासातासाने वाचन घेण्याऐवजी काही मिनिटांच्या अंतराने वाचने घेतली गेली. २ सप्टेंबरच्या सकाळी मुंबईत क्षैतिज चुंबकीय तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) खाली गेल्याची नोंद त्या वहीत आहे. तुलनेसाठी सांगतो, १३ मार्च १९८९ च्या ज्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली आणि सुमारे साठ लाख लोकांना अंधारात बसवले, त्याचा जागतिक निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्लापर्यंत गेला होता. एका वेधशाळेचे वाचन आणि अनेक वेधशाळांची तासाची सरासरी यांची तुलना सरळ करता येत नाही हे खरे, पण अंदाज यायला पुरेशी आहे. विषुववृत्ताच्या जवळची, ध्रुवीय गोंधळापासून दूर असलेली जागा असल्यामुळेही या आकड्यांना विशेष मोल आहे. जी. एस. लखिना, एस. ॲलेक्स आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २००३ साली त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून उपग्रह व वीजजाळ्यांवरील धोक्याचा विचार करणाऱ्या जगभरच्या लेखांत कुलाब्याची वही येत राहते. ते वाचन घेणाऱ्याने एवढेच केले होते की त्या दिवशी वेळेवर कामावर येऊन तो जागचा हलला नाही.

पुढची कथाही तितकीच वाचण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचे ठरले. विजेच्या ट्राममुळे चुंबकीय मापने बिघडणार होती, म्हणून जागा बदलणे भाग होते. त्या वेळचे संचालक नानाभाई मूस यांनी नव्या वेधशाळेसाठी अलिबाग निवडले. इमारतीत लोखंड किंवा चुंबकीय गुण असलेला दगड येणार नाही याची काळजी घेतली गेली. महत्त्वाची गोष्ट ही की १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली गेली, म्हणजे दोन जागांतील फरक कळावा आणि जुनी मालिका नव्याला नेमकी जोडता यावी. विजेची पहिली ट्राम मुंबईत मे १९०७ मध्ये धावली, तोवर सांधा पक्का झाला होता. १८४६ ते १९०५ या काळातील निरीक्षणे आणि त्यांची चर्चा मूस यांनी १९१० साली छापून काढली. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि तेथील आकडे इतर देशांतील वेधशाळांच्या आकड्यांबरोबर जालावर पाहता येतात. केरूनानांच्या तालुक्यातच ती गेली हा योगायोग मला फार आवडतो.

सायंतारा

खाडीकाठ, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठ्या तोलाचा झाला आहे. एकच विचारतो. ट्राम कुलाब्यापर्यंत रस्त्यावरून जाणार, वेधशाळा आवाराच्या आत. तरीही मापने बिघडतील इतका परिणाम कसा होतो? ट्राममधील लोखंडामुळे की विजेमुळे?

वायरमन

खाडीकाठ यांच्याआधी मी उत्तर देतो, कारण हा माझ्या धंद्यातला भाग आहे. लोखंडाचा परिणाम जवळपास असेपर्यंतच जाणवतो. खरा त्रास परतीच्या प्रवाहाचा. ट्रामला वरच्या तारेतून एकाच दिशेचा प्रवाह मिळतो आणि तो रुळांवाटे वीजकेंद्राकडे परततो. रूळ जमिनीला टेकलेले असल्याने त्यातला काही भाग मातीत झिरपतो आणि ओलसर जमीन किंवा पाण्याचे नळ अशा सोप्या वाटांनी दूरवर पसरतो. प्रत्येक ट्राम सुरू होताना आणि थांबताना हा प्रवाह बदलतो. म्हणजे सूर्यावर काय चालले आहे हे पाहायला बसलेल्या चुंबकाला ट्रामचे वेळापत्रक दिसू लागते. हा त्रास मुंबईपुरता नव्हता, विजेच्या ट्राम आल्यावर युरोपातील अनेक चुंबकीय वेधशाळांनाही शहर सोडावे लागले.

खाडीकाठ

वायरमन यांचे आभार, यापेक्षा नेमके मला सांगता आले नसते. जाता जाता अपोलो बंदरचीही भर घालतो. तेथील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत आणि समुद्रपातळीच्या जागतिक संग्रहात त्या महिनावार आकड्यांसह खुल्या आहेत. हिंदी महासागराच्या काठावर इतकी जुनी मालिका क्वचितच सापडते. या दीर्घ मालिकेतून निघणारी मुंबईतील पातळीवाढ वर्षाला एका मिलिमीटरहून थोडी कमी भरते. हा विसाव्या शतकावर पसरलेला सरासरी आकडा आहे, अलीकडच्या दशकांचा वेग त्यावरून काढू नये.

मधली आळी

मी दोन लहान भर घालते. जपानमधील सुवा तळे गोठले की दिवसरात्रीच्या तापमानातील फरकाने बर्फ आकसतो, पसरतो आणि मधोमध एक उंच कड उभी राहते. देव आपल्या देवीला भेटायला तळे ओलांडून गेला, त्याची ती पाऊलवाट, अशी तेथील श्रद्धा. तिची तारीख तेथील देवळाचे पुजारी १४४३ पासून लिहून ठेवत आले आहेत. अलीकडे अनेक हिवाळ्यांत कड उमटतच नाही आणि पुजारी तेही लिहितात.

दुसरे अलास्कातील निनाना गावचे. गोठलेल्या टानाना नदीवर लाकडी तिकाटणे उभे करून त्याची दोरी काठावरच्या घड्याळाला बांधतात. बर्फ फुटून तिकाटणे वाहू लागले की घड्याळ थांबते, आणि तो क्षण मिनिटापर्यंत ओळखणाऱ्याला बक्षीस मिळते. ही पैज १९१७ पासून चालू आहे आणि सर्व वर्षांच्या तारखा जालावर आहेत. सर्वांत लवकर बर्फ फुटला तो १४ एप्रिल २०१९ रोजी. पैशांचा व्यवहार असल्यामुळे घड्याळाच्या खरेपणावर सगळ्या गावाचे लक्ष असते, म्हणून हवामानाचा अभ्यास करणारेही या आकड्यांवर विश्वास ठेवतात.

कोलतार

खाडीकाठ आणि बांधावरचा यांचे प्रतिसाद वाचून माझा मूळ मुद्दा अधिक नेमका करतो. ज्यात मोजमाप आहे आणि मोजण्याची पद्धत बदलताना सांधा जपला आहे, ते एका बाजूला. अलिबागची ती दोन वर्षांची समांतर वाचने हे त्याचे आदर्श उदाहरण. दुसऱ्या बाजूला नुसते टिकून राहणारे, म्हणजे घंटा, दिवा आणि ऑर्गन. पहिल्या गटापुढे मी हात जोडतो. दुसऱ्या गटाची पाने बघायला माझी हरकत नाही, पण दोन्हींची एकच वाचनखूण करू नये. सुवा तळ्याचे पुजारी मात्र माझ्या वाटणीत बसत नाहीत, कारण त्यांनी मोजमाप म्हणून काही केलेच नव्हते आणि तरीही त्यांची वही पहिल्या गटात जाते.

सायंतारा

वाटणी मान्य आहे, ऑर्गनच्या जागेबद्दल मात्र मतभेद नोंदवतो. चुंबकाची वाचने पुढच्या माणसाने का चालू ठेवावीत याला कारण देता येते. ऑर्गन चालू ठेवायला कोणतेही उपयुक्त कारण नाही, तरी तो प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीकडे सोपवायचा आहे. वेधशाळांचे अनुदान ज्या दिवशी कोणी 'याचा उपयोग काय' असे विचारून बंद करते, त्या दिवशी हा फरक फार लहान उरतो.

जुना चष्मा

अनुदान बंद होण्याचा विषय निघालाच आहे म्हणून पुण्याची एक वेधशाळा आठवली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पुढच्या काळातील अभियांत्रिकी महाविद्यालयात, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तेथील ग्रब कंपनीची वीस इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला गेले होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेची तुकडीही त्याच गावात उतरली होती. नायगमवाला यांचा त्या ग्रहणावरील अहवाल स्कॅन होऊन जालावर आलेला आहे. करमाळा तालुक्यातील मंडळींनी तो अवश्य चाळावा.

नायगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ साली ही वेधशाळा बंद करून उपकरणे कोडाईकनालला हलवण्यात आली. पुण्यातली मालिका तेथेच तुटली. कोडाईकनालची मात्र तुटली नाही. तेथे १९०४ पासून हवामान साथ देईल त्या प्रत्येक दिवशी सूर्याचे छायाचित्र घेतले गेले, आणि काचेच्या त्या हजारो पट्ट्यांचे आता अंकीकरण होऊन त्या सर्वांसाठी खुल्या झाल्या आहेत. आपल्या आजोबांच्या जन्मतारखेला सूर्यावर किती डाग होते हे पाहता येते, फक्त ती तारीख ऐन पावसाळ्यातली असेल तर बहुधा त्या दिवशीची पट्टी सापडणार नाही.

खाडीकाठ यांना एक सुचवतो. अलिबागच्या नोंदींत एखाद्या दिवशी मोठी उसळी दिसली की कोडाईकनालच्या संग्रहात त्याच्या एक ते तीन दिवस आधीची छायाचित्रे काढावीत आणि सूर्यबिंबाच्या मध्यभागी मोठा डाग दिसतो का ते पाहावे. मी १९०९ सालच्या सप्टेंबरपासून सुरुवात केली आहे, कारण त्या महिन्याच्या २५ तारखेचे चुंबकीय वादळ प्रसिद्ध आहे. आपण १९२१ चा मे महिना घ्यावा.